मोडीतून वाचलेली घड्याळे

सराफाच्या तराजूत सोन्याचे मनगटी घड्याळ पडले की पहिला प्रश्न वजनाचा असतो आणि दुसरा टंचाचा. तिसरा प्रश्न सहसा विचारला जात नाही. व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला यात वावगे वाटण्याचे कारण नाही. सोने ते सोनेच, मग ते पाटलीत असो की घड्याळाच्या केसमध्ये. परंतु जगात असा एक वर्ग आहे, की जो हाच व्यवहार नेमका उलट्या टोकाकडून पाहतो. जुन्या, दुर्मीळ सोन्याच्या घड्याळांचा संग्राहक सोन्याचे वजन सर्वांत शेवटी विचारतो. कित्येकदा विचारतही नाही. त्याची दृष्टी आधी तबकडीवर जाते, मग केसच्या कडांवर, मग मागचे झाकण उघडून आतल्या मशीनवरच्या क्रमांकावर.

साधा हिशोब मांडून पाहावा. समजा, एखाद्या पुरुषी घड्याळाच्या केसमध्ये निव्वळ 14 ग्रॅम सोने आहे आणि ते 18 कॅरटचे, म्हणजे हजारात 750 भाग शुद्ध आहे. शुद्ध सोने झाले साडेदहा ग्रॅम. 2025 साली दहा ग्रॅम शुद्ध सोन्याचा भाव एक लाख रुपयांच्या पुढे गेला. घट वजा जाता त्या भावाने हातात लाखाच्या आसपास रक्कम येते. या गणितात घडणावळ नाही, मशीनची किंमत शून्य आहे, तबकडी आणि काटे तर खिजगणतीतही नाहीत. सोनेतारण कर्ज देताना बँकेचा मूल्यमापकही असाच विचार करतो. तो केवळ धातूचे मोल धरतो, आणि कर्जाच्या सुरक्षिततेसाठी ते योग्यही आहे. मात्र भागीदारी मोडताना नावलौकिकाची किंमत हिशोबात धरली नाही, तर कोणत्या भागीदाराचे नुकसान होते हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. जुन्या घड्याळांत हा नावलौकिक कधी काहीच नसतो, तर कधी सोन्याच्या शेकडो पट असतो. कोणत्या घड्याळात किती, हे ओळखणे म्हणजेच संग्राहकाची विद्या.

मनगटावर घड्याळ बांधणे हे मुळात स्त्रियांचे भूषण होते. पाटेक फिलिप या जिनिव्हाच्या कंपनीने 1868 साली हंगेरीच्या एका सरदार घराण्यातील स्त्रीसाठी सोन्याचे मनगटी घड्याळ घडवले. ते खरे तर कंकणच होते. पुरुष खिशातले साखळीचे घड्याळ वापरीत. पॅरिसच्या कार्तिए पेढीने 1904 साली आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ या वैमानिकासाठी मनगटी घड्याळ केले, कारण उड्डाण करताना खिशात हात घालणे सोयीचे नव्हते. पुढे पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत सैनिकांची हीच अडचण झाली आणि पुरुषांच्या मनगटावर घड्याळ कायमचे आले. हिंदुस्थानचाही या इतिहासाशी थेट संबंध आहे. येथील ब्रिटिश अधिकारी पोलो खेळत आणि खेळात घड्याळाची काच फुटे. त्यांच्या तक्रारीतून 1931 साली उलटे फिरवून काच आत झाकता येईल असे ‘रिव्हर्सो’ घड्याळ जन्माला आले. ते पोलादात निघाले तसे सोन्यातही निघाले. उलट्या बाजूची कोरी पाठ नक्षी, नाव किंवा मीनाकारीसाठी उपयोगी पडू लागली आणि खेळासाठी केलेली वस्तू दरबारात शिरली.

संग्राहक ज्याला अभिजात सोन्याचे घड्याळ म्हणतात, त्याचा काळ साधारण 1930 ते 1970 असा चाळीस वर्षांचा आहे. पाटेक फिलिपचे ‘कालात्राव्हा’ 1932 साली आले. गोल, साधे आणि अवघे 31 मिलिमीटर व्यासाचे हे घड्याळ आजच्या तरुणाला बायकी वाटेल, इतके लहान आहे. ओमेगाचे ‘कॉन्स्टेलेशन’ 1952 चे आणि रोलेक्सचे ‘डे-डेट’ 1956 चे. हे डे-डेट केवळ सोन्यात किंवा प्लॅटिनममध्येच निघत आले आहे. मात्र सोन्याचे आहे म्हणून दुर्मीळ, हा सर्वसामान्य समज या क्षेत्रात टिकत नाही. पाटेक फिलिपचे 1518 क्रमांकाचे मॉडेल 1941 पासून निघू लागले. त्यात कायमस्वरूपी पंचांग आणि सेकंदाचे भाग मोजण्याची सोय एकत्र आहे. अशी एकंदर 281 घड्याळे झाली आणि त्यांतली बहुतेक सोन्याची आहेत. पोलादी केसमधली केवळ चार ज्ञात आहेत. त्यांतले एक 2016 साली जिनिव्हाच्या लिलावात 1 कोटी 10 लाख स्विस फ्रँकला गेले. त्या वेळपर्यंत कोणत्याही मनगटी घड्याळाला इतकी किंमत आली नव्हती. पोलाद सोन्याहून महाग ठरल्याचे हे उदाहरण ऐकून जव्हेरी हसतील. पण बाजार धातूचा नसून दुर्मिळतेचा आहे, एवढे त्यातून स्पष्ट होते.

सोन्याचीही कथा तितकीच बोलकी आहे. 1954 साली जिनिव्हामध्ये इंडोचीनच्या भवितव्याची परिषद भरली होती. त्याच सुमारास व्हिएतनामचा अखेरचा सम्राट बाओ दाई याने तेथे रोलेक्सचे सोन्याचे घड्याळ विकत घेतले. त्यावर तिथी-वाराबरोबर चंद्राच्या कलाही दिसतात, तबकडी काळी आहे आणि तासांच्या काही खुणांच्या जागी हिरे आहेत. परिषदेत देशाची फाळणी झाली, पुढच्या वर्षी त्याचे राष्ट्रप्रमुखपद गेले आणि उरलेले आयुष्य त्याने परदेशात काढले. ते घड्याळ 2002 साली लिलावात 3 लाख 42 हजार स्विस फ्रँकला विकले गेले आणि 2017 साली 50 लाख 66 हजारांना. पंधरा वर्षांत जवळजवळ पंधरा पट. चक्रवाढीने दरसाल सुमारे वीस टक्के. याच काळात सोन्याचा आंतरराष्ट्रीय भाव साधारण चौपट झाला. मात्र हा आकडा वाचून कोणी घरातले घड्याळ घेऊन जिनिव्हाची वाट धरू नये. सम्राटाचे घड्याळ एकच असते. सामान्य सोन्याच्या घड्याळाला बाजारात मिळणारी किंमत त्याच्या मोडीच्या किमतीहून थोडीच अधिक असते. भाव चढला की काही वेळा मोडच वरचढ ठरते, आणि खरा पेच तेथेच उभा राहतो.

त्या पेचाकडे वळण्यापूर्वी ओळखीच्या खुणांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण घराघरांत ‘सोन्याचे’ म्हणून जपलेली निम्मी घड्याळे सोन्याची नसतात. स्वित्झर्लंडमध्ये 1880 च्या कायद्याने सोन्याच्या केसवर सरकारी शिक्का मारणे सुरू झाले. 18 कॅरटसाठी हेल्व्हेशिया या देवतेचे मस्तक आणि 14 कॅरटसाठी खार, अशा त्या मुद्रा. 1995 पासून दोहोंच्या जागी सेंट बर्नार्ड जातीच्या कुत्र्याचे मस्तक आले. या मुद्रा मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूस असतात आणि भिंगाखेरीज दिसत नाहीत. इंग्लंडमध्ये बनलेल्या केस पुष्कळदा 9 कॅरटच्या असतात. त्यांवर ‘375’ हा आकडा आणि बर्मिंगहॅमला तपासणी झाली असल्यास नांगर असतो. अमेरिकन घड्याळांवर ‘गोल्ड फिल्ड’ ही अक्षरे आढळतात. म्हणजे हलक्या धातूवर दाबून बसवलेला सोन्याचा पातळ पत्रा. ‘20 मायक्रॉन’ असे लिहिले असेल तर तो मुलामा. पुढून सोने आणि मागचे झाकण पोलादाचे, असे असेल तर बहुधा शंका संपली. बंगळूरच्या एच.एम.टी. कारखान्याचे ‘कांचन’ कित्येक वर्षे लग्नात जावयाला देण्याचे मानाचे घड्याळ होते. नाव कांचन असले तरी वर मुलामाच होता. त्यामुळे ते क्षुद्र ठरत नाही, परंतु वाटणीच्या वेळी त्यावरून भाऊ भावाशी भांडावा असेही त्यात काही नाही. एक सूचना मात्र महत्त्वाची आहे. केसचा बाहेरचा भाग कसोटीवर घासू देऊ नये किंवा त्यावर तेजाब टाकू देऊ नये. टंच पाहायचाच असेल तर कॅरट मोजण्याच्या यंत्रावर पाहावा. तेथे ओरखडा उठत नाही.

संग्राहकाला सर्वांत अधिक चिंता असते ती तबकडीची. पन्नास-साठ वर्षांत पांढरी तबकडी हस्तिदंती होते, कडेला ठिपके पडतात, अक्षरे पुसट होतात. मुंबईतील कारागिरांनी अशा तबकड्या पुन्हा रंगवून, अक्षरे नव्याने छापून देण्याचा धंदा दीर्घकाळ केला. त्यामागे फसवणुकीचा हेतू असेच, असे नाही. गिऱ्हाईकालाच वडिलांचे घड्याळ नवेकोरे दिसावे अशी हौस होती आणि कारागीर ती पुरवीत. परंतु याच कौशल्याने परदेशी संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ हा कुत्सित शब्द रूढ झाला. भडक रंगाची तबकडी, जाड अक्षरे, मूळ कंपनीने कधीच न वापरलेली रंगसंगती आणि आत दोन-तीन घड्याळांतून जमवलेले भाग, असा त्याचा अर्थ. रंगवलेली तबकडी दिसली की जाणकार घड्याळ खाली ठेवतो. हा दंडक कठोर आहे आणि काही वेळा अन्यायकारकही. हाताने इतकी बारीक अक्षरे उमटवणाऱ्या माणसाच्या कलेला कोणी मोल देत नाही. तरीही विकत घेणाऱ्याने तो पाळलेला बरा. तबकडीच्या तळाशी ‘स्विस’ हा शब्द आपल्या जागी आहे का, त्याच्या दोन्ही बाजूंना ‘टी’ आहे का, हे भिंगातून पाहावे. हा ‘टी’ म्हणजे अंधारात चमकणाऱ्या लेपातील ट्रिटियम. 1960 च्या दशकात त्याने रेडियमची जागा घेतली. त्याआधीच्या चमकत्या काट्यांवर रेडियम असण्याचा संभव असतो. त्याची चमक केव्हाच विझलेली असते, परंतु किरणोत्सर्ग सोळाशे वर्षांनीही निम्माच उतरतो. अशा घड्याळाची काच घरी काढू नये. ती धूळ श्वासावाटे शरीरात जाणे घातक आहे.

तबकडीखालोखाल केसच्या कडा. सोने मऊ असते. दर दिवाळीला सराफाकडून घड्याळाला पॉलिश करून घेण्याची रीत कित्येक घरांत होती. प्रत्येक पॉलिशमध्ये थोडी घट जाते, हे सराफालाही ठाऊक आणि गिऱ्हाईकालाही. परंतु दागिन्याच्या घटीत केवळ सोने जाते, घड्याळाच्या घटीत आकार जातो. पट्टा अडकवण्याचे कान बारीक होतात, धारदार कडा गोल होतात आणि बाहेरच्या अंगाला मुद्रा असेल तर ती झिजून सपाट होते. संग्राहक ओरखडे पडलेले, मळकट परंतु अखंड कडांचे घड्याळ आनंदाने घेतो आणि चकचकीत घड्याळाकडे पाठ फिरवतो.

आता मोडीविषयी. 25 डिसेंबर 1969 रोजी जपानच्या सेको कंपनीने पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस काढले. ज्या शोधाने यंत्राच्या घड्याळांचा धंदा बुडवला, तो शोधही सोन्याच्या केसमध्येच आला, आणि किंमत साडेचार लाख येन, म्हणजे त्या वेळच्या लहान मोटारगाडीएवढी होती. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत स्विस घड्याळ उद्योगातील कामगारांची संख्या एक तृतीयांशाच्या आसपास आली. त्याच काळात सोने भडकले. जानेवारी 1980 मध्ये ते एका औंसाला 850 डॉलरवर गेले. चावीचे घड्याळ जुनाट ठरलेले आणि सोने आकाशाला भिडलेले, असा दुहेरी घाला पडला. युरोप-अमेरिकेत सोन्याच्या केस वितळवल्या गेल्या आणि मशीन भंगारात किंवा पेट्यांत पडल्या. सोने दिसत नाही अशी कित्येक सुंदर मशीन आज सुटी विकली जातात. त्यांच्या केस कोठे गेल्या याचे उत्तर त्या वर्षांत आहे. 2025 साली सोने औंसाला 4,000 डॉलरच्या पुढे गेल्यावर तीच भट्टी पुन्हा पेटली आहे.

पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या गावी कापडाच्या व्यापारात आयुष्य घालवलेल्या एका गृहस्थांचे असेच एक घड्याळ होते. ओमेगाचे, 18 कॅरटचे, एडनच्या एका आडत्याकडून आलेले. गृहस्थ वारले. तीन मुलगे, एक मुलगी. घरातले सोने सामोपचाराने वाटायचे ठरले आणि तसे ते वाटले गेले. घड्याळाचे चार वाटे कसे करणार? थोरल्या मुलाने ते पेढीवर नेले. सराफ सज्जन. त्याने मागचे झाकण काढले, मशीन आणि तबकडी अलगद बाहेर घेऊन कागदाच्या पुडीत बांधून परत दिली, केस तोलली आणि पैसे मोजून दिले. चौघांना पैपैचा सारखा वाटा मिळाला. आठ-दहा दिवसांनी आईने विचारले, “अरे, यांचं घड्याळ कुठं ठेवलंस? चावी द्यायची राहिलीय.” पती गेल्यापासून रोज सकाळी देवपूजा झाल्यावर ती घड्याळाला चावी देत होती, हे घरात कोणाच्या लक्षातच आले नव्हते. मुलाने पुडी पुढे केली.

या वाटणीत कोणी चूक केली असे म्हणता येत नाही. हिशोब चोख होता आणि रूढीने बिनचूक होता. धाकट्या लेकीने ती पुडी मुंबईला नेली आणि एका वृद्ध कारागिराकडून मशीन पोलादाच्या केसमध्ये बसवून आणली. संग्राहकाच्या दृष्टीने हे घड्याळ जवळपास कवडीमोल आहे; मूळची केस नसलेल्या घड्याळाला तो हातही लावत नाही. या एका बाबतीत संग्राहकाचे शास्त्र तोकडे पडते, असे म्हणावेसे वाटते. आई मात्र केस बदलल्याबद्दल एक शब्दही बोलली नाही. चावी देऊ लागली.

महाराष्ट्रातील व्यापारी घरांत अशी घड्याळे मुळातच थोडी. स्वातंत्र्यानंतर परदेशी घड्याळांच्या आयातीवर निर्बंध आले. 1963 साली सुवर्ण नियंत्रण आले आणि काही काळ 14 कॅरटवरील दागिने घडवण्यास बंदी झाली. 1968 चा सुवर्ण नियंत्रण कायदा 1990 साली रद्द झाला. त्या सत्तावीस वर्षांत सोन्याचे स्विस घड्याळ उघडपणे मिरवण्याची वस्तू उरली नव्हती. जी आली ती त्याआधीच्या पिढीची, परदेशी राहणाऱ्या आप्तांनी आणलेली, किंवा ज्यांच्या येण्याविषयी घरात कोणी फारसे बोलत नाही अशी. म्हणून ज्या घरात मूळ तबकडी, मूळ केस आणि खरेदीची पावती असे एकत्र असेल, त्याने ते साधे समजू नये. पावती नसली तरी वाट बंद होत नाही. पाटेक फिलिप मशीनचा आणि केसचा क्रमांक पाहून, घड्याळ केव्हा बनले आणि केव्हा विकले गेले याचा उतारा आपल्या नोंदवहीतून देते. लाँजीनच्या सेंट-इमिए येथील दप्तरातही अशा जुन्या नोंदी आहेत. आपल्या खतावण्या चार पिढ्या सांभाळणाऱ्या पेढ्यांना या दप्तरांचे कौतुक वाटेल.

पट्ट्याचा प्रश्न जैन घरांत वेगळाच असतो. जुन्या सोन्याच्या घड्याळाला बहुधा मगरीच्या किंवा वासराच्या चामड्याचा पट्टा असतो. तो काढून कापडी पट्टा लावण्यास संग्राहकांचाही आक्षेप नसतो, कारण पट्टा झिजून बदलायचाच असतो. मात्र मूळचे सोन्याचे बकल जपून ठेवावे. त्याला स्वतंत्र किंमत आहे. सोन्याच्या विणीचा पट्टा असेल तर त्यात पुष्कळदा केसहून अधिक सोने असते आणि त्यामुळे मोडीत पहिला बळी त्याचाच जातो. संग्रहाच्या हव्यासाविषयीही एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. काही जाणते संग्राहक संख्येची मर्यादा आधीच घालून घेतात, पाच किंवा सात, आणि नवे आले की एक बाहेर जाते. परिग्रहाचे परिमाण ठरवणाऱ्या घरांना ही कल्पना परकी वाटू नये. बाजाराच्या दृष्टीनेही ती शहाणपणाची ठरते, कारण मर्यादा असली की माणूस मध्यम प्रतीचे चार घेण्यापेक्षा उत्तम प्रतीच्या एकासाठी थांबतो.

राहता राहिले सांभाळणे. लॉकरमध्ये वर्षानुवर्षे पडलेल्या घड्याळातील तेल सुकते आणि मग नातवाने हौसेने चावी दिली की कोरडे दाते एकमेकांना खातात. चार-पाच वर्षांनी ते जाणत्या कारागिराकडून साफ करून घ्यावे आणि ‘पॉलिश नको’ असे स्पष्ट सांगावे. लॉकरविषयी आणखी एक बाब अनेक कुटुंबांच्या ध्यानात नसते. रिझर्व्ह बँकेच्या 2022 पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यामुळे लॉकरमधील वस्तू गेल्यास बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपुरते असते. भाडे 4,000 रुपये असेल तर 4 लाख. त्याहून मौल्यवान घड्याळ असेल तर त्याचा स्वतंत्र विमा उतरवावा. लॉकरमध्ये काय आहे हे बँकेला ठाऊक नसते. म्हणून झाकण उघडून मशीन, क्रमांक आणि मुद्रा यांची छायाचित्रे काढावीत. घड्याळ कोणी, केव्हा, कोठून घेतले आणि ते पुढे कोणाकडे जावे हे एका कागदावर लिहून सही करावी. वारसाचे नाव लॉकरच्या नामनिर्देशनात असले तरी कोणती वस्तू कोणाची, हे त्यातून ठरत नाही. ते मृत्युपत्रातच लिहावे लागते. या कागदाची एक प्रत लॉकरच्या बाहेर, घरात असावी.